विश्लेषण : अ‍ॅप अचानक बंद का पडते? ‘सिग्नल ९’चा माग कसा काढतात?

समजा, बिलोली तालुक्यातल्या एखाद्या शेतात मोबाइलवर सोयाबीनची नोंद सुरू आहे. गट क्रमांक भरला, पीक निवडले, फोटोसाठी कॅमेरा उघडला. परत आल्यावर फॉर्म कोरा! दोष रेंजला दिला जातो. पण कारण फोनच्या आतही असू शकते.

सिग्नल म्हणजे काय?
अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो. सुरू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. एका प्रोसेसने किंवा खुद्द कर्नलने दुसऱ्या प्रोसेसला दिलेली छोटी सूचना म्हणजे सिग्नल. सिग्नल १५ म्हणजे ‘आवरून थांबा’. यात माहिती सेव्ह करायला वेळ मिळतो. सिग्नल ९ म्हणजे तत्काळ बंद. तो कोणत्याही प्रोग्रॅमला अडवता येत नाही.

कॅमेऱ्याशी काय संबंध?
कॅमेऱ्याला बरीच रॅम लागते. कमी रॅमच्या फोनमध्ये जागा करण्यासाठी अँड्रॉइड मागे पडलेल्या अ‍ॅपला सिग्नल ९ देऊन बंद करते.

पाठवणारा कसा सापडतो?
लिनक्स सर्व्हरवर यासाठी ‘एसट्रेस’ हे साधन वापरतात. पॉल क्रानेनबर्ग यांनी १९९१ मध्ये ते सनओएससाठी लिहिले होते. सिग्नल १५ आला, तर पाठवणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक त्यात दिसतो. सिग्नल ९ मध्ये मात्र ‘बंद केले’ एवढेच कळते. अशा वेळी ‘बीपीएफट्रेस’सारख्या साधनाने कर्नलमध्ये सिग्नल तयार होतो तिथेच पाळत ठेवावी लागते. सीसीटीव्हीप्रमाणे ही पाळत आधीच सुरू असावी लागते. मेमरी संपल्याने कर्नलने प्रोसेस बंद केली असेल, तर त्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये राहते.

फोनवर हे कळते का?
अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, अ‍ॅपला पुन्हा सुरू झाल्यावर आधी बंद पडण्याचे कारण विचारता येते : मेमरी कमी पडली, सिग्नल आला की अ‍ॅपच क्रॅश झाले. मेमरीचे कारण निघाले, तर कॅमेरा उघडण्यापूर्वी अर्धवट फॉर्म सेव्ह करण्याची सोय डेव्हलपरने करायला हवी.

वापरकर्त्याने काय करावे?
• नोंदीपूर्वी इतर अ‍ॅप बंद करावीत.
• गॅलरीतले फोटो डिलीट केल्याने स्टोरेज मोकळे होते, रॅम वाढत नाही.
• अ‍ॅप मध्येच बंद पडल्यास नोंद झाली असे गृहीत धरू नये. पुन्हा उघडून खात्री करावी. मुदत उलटल्यावर चूक लक्षात आली, तर नुकसान शेतकऱ्याचेच होते.