संगणक कां खोळंबतो?

पडद्यावरील बटण दाबलें कीं काम होतें, हें आतां घरोघरीं परिचयाचें झालें आहे. परंतु दाबणें आणि होणें यांच्या दरम्यान काय घडतें, हें जाणल्यावांचून संगणक मध्येंच खोळंबतो कां, याचा उलगडा होत नाहीं.

केवळ गणित सोडविणारा प्रोग्रॅम पहिल्या आज्ञेपासून शेवटच्या आज्ञेपर्यंत आपल्याच क्रमानें चालतो. बटणें व चौकटी असलेल्या प्रोग्रॅमची रीत मात्र निराळी. १९८४ सालचा मॅकिंटॉश घ्या, कीं १९८५ सालीं आलेली विंडोज घ्या. तेथील प्रोग्रॅम बहुतेक वेळ नुसती वाट पाहत असतो. माऊस हलला, कळ दाबली गेली, कीं त्या घटनेची जणूं एक चिठ्ठी तयार होते. काय घडलें, केव्हां व कोठें घडलें, हें तींत नमूद असतें. या चिठ्ठ्या रांगेंत लागतात. प्रोग्रॅम त्यांतील एकेक उचलतो व त्या घटनेसाठीं लिहून ठेवलेल्या आज्ञा पार पाडतो. त्या पुऱ्या झाल्या म्हणजेच पुढील चिठ्ठीची पाळी येते.

टपालकचेरींतील एकटा कारकून एका गिऱ्हाइकाचें पुडकें शोधावयास तासभर कोठींत गेला, तर बाकीच्यांनीं काय करावें? येथेंही तसेंच होतें. पडदा नव्यानें रेखाटण्याची सूचनाही याच रांगेंतून येत असल्यामुळें चौकट निर्जीव भासते. पांच सेकंदांपर्यंत रांगेची दखल घेतली गेली नाहीं, तर विंडोज त्या प्रोग्रॅमला ‘प्रतिसाद देत नाहीं’ असें ठरविते. मग माणूस कंटाळून तो बंद करतो, आणि न सांठविलेलें लिखाण बहुधा कायमचें जातें.

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्यें एका प्रोग्रॅमच्या दिरंगाईनें सर्वच प्रोग्रॅम अडत. १९९५ च्या विंडोज ९५ पासून नव्या धर्तीच्या प्रोग्रॅमांना स्वतंत्र रांगा मिळाल्या. त्यामुळें शेजाऱ्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. स्वतःच्या दिरंगाईचा मात्र राहिला.

त्यावर उपाय एकच. मोठी फाईल वाचणें, दूरच्या संगणकाकडून माहिती आणविणें, अशीं लांबणारीं कामें मागील दालनांतील दुसऱ्या कामगाराकडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडकडे, सोंपवावीं. त्यानें पडद्याला स्वतः हात लावूं नये. काम आटोपतांच त्याच रांगेंत एक चिठ्ठी टाकावी, आणि पडद्यावरील बदल कारकुनानेंच करावा.

उत्तम प्रोग्रॅम लिहिणारा म्हणूनच प्रत्येक घटनेचें उत्तर आटोपशीर ठेवतो. ज्याच्या मागें रांग उभी आहे, त्यानें जागा सोडून फार वेळ जाऊं नये, हेंच या शास्त्राचें सार.