मूलपेशी प्रत्यारोपण आणि घरभेदी विषाणू

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. रक्ताच्या कर्करोगावर दात्याच्या मूलपेशी देण्याचा हा उपचार आता परिचित झाला आहे. मात्र नव्या पेशी रुजत असतानाच रुग्णाच्या शरीरात वर्षानुवर्षे सुप्त असलेला एक विषाणू डोके वर काढू शकतो. त्याचे नाव सायटोमेगॅलोव्हायरस, अर्थात 'सीएमव्ही'.

कांजिण्या व नागिणीच्या विषाणूंच्या कुळातील हा विषाणू लाळ, मातेचे दूध यांतून बहुधा बालपणीच शरीरात शिरतो. भारतातील बहुसंख्य प्रौढांना त्याची लागण होऊन गेलेली असते. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. कारण प्रतिकारशक्तीच्या 'टी' पेशी त्याच्यावर जन्मभर पहारा ठेवतात. प्रत्यारोपणापूर्वीच्या तीव्र उपचारांनी हा पहारा उठतो.

मूत्रपिंड प्रत्यारोपणात दात्याच्या अवयवातून विषाणू येण्याची धास्ती मोठी असते. येथे नेमके उलट घडते. रुग्णाला पूर्वी लागण झालेली आणि दात्याला मात्र नाही, ही जोडी अधिक जोखमीची. अशा दात्याच्या पेशींना या शत्रूची ओळखच नसते.

विषाणू बळावल्यास फुप्फुसे, आतडी, क्वचित दृष्टिपटलही बाधित होते. न्यूमोनिया झाल्यास रुग्ण वाचवणे कठीण. म्हणून लक्षणांची वाट न पाहता किमान पहिले १०० दिवस साधारणतः दर आठवड्याला रक्ताची पीसीआर चाचणी केली जाते. विषाणूंचे प्रमाण वाढताच गॅन्सिक्लोव्हिर सुरू होते. परंतु या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, तर पर्यायी फोस्कारनेट मूत्रपिंडाला जाचते.

अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेले लेटरमोव्हिर हे प्रतिबंधक औषध अस्थिमज्जेला सहसा धक्का लावत नाही. त्याच्या चाचणीत २४ आठवड्यांअखेर ३७.५ टक्के रुग्णांत प्रतिबंध अयशस्वी ठरला. औषधी द्रव्य नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या गटात हे प्रमाण ६०.६ टक्के होते.

घरी परतलेला रुग्ण ठणठणीत दिसू लागला, की तपासणीसाठीची खेप टाळण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटल्याने स्टिरॉइड सुरू असतील, तर चाचण्या १०० दिवसांनंतरही चालू ठेवाव्या लागतात. ताप, धाप वा जुलाब झाल्यास त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधावा. हा विषाणू चाहूल न देता येतो. त्याची पहिली खबर रक्तचाचणीच देते.