वर्तुळाचा चेंडू करताना

पेंट प्रोग्रॅममध्ये वर्तुळ काढायचं आणि छटा देऊन त्याचा चेंडू करायचा. रेडियल ग्रेडियंट घेतला, मध्यभागी पांढरा, कडेला काळा, झालं! पण समोर येतो तो चेंडू नसतो; टोकाकडून पाहिलेला शंकू वाटतो.

याचं कारण योहान हाइनरिश लाम्बर्ट यांनी 1760 सालीच सांगून ठेवलं आहे. खडूसारख्या चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर प्रकाश जितका तिरपा पडेल तितका तो जास्त जागेत पसरतो, आणि उजेड पृष्ठभागाच्या लंबाशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटतो. समोरून उजेड पडलेल्या चेंडूवर मध्यापासून निम्मी त्रिज्या ओलांडली तरी जवळजवळ 87 टक्के उजेड शिल्लक असतो. तो निम्म्यावर येतो थेट 87 टक्के त्रिज्येपाशी. उरलेला सगळा काळोख कडेच्या अरुंद पट्टीत कोंबलेला. एकसारखा उतरणारा ग्रेडियंट इथेच फसतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी वस्तुचित्रं घोटलेल्या मुलांचा हात हे कोसाइनविना करतो, हा भाग वेगळा.

त्यात संगणकाचे आकडेही सरळ नाहीत. राखाडीच्या 0 ते 255 या पायऱ्यांमध्ये 128 म्हणजे निम्मा उजेड नव्हे. नेहमीच्या पडद्यावर तो पूर्ण उजेडाच्या जेमतेम 22 टक्के भरतो. निम्म्यासाठी 188 लागतात. ही रचना मुद्दाम केलेली आहे. डोळ्याला अंधारातले फरक जास्त बारकाईने कळतात, म्हणून अधिक पायऱ्या गडद बाजूला दिल्या आहेत.

ग्रेडियंट नसेल तर एकात एक वर्तुळं भरत जावं. मात्र छटा मोजक्याच असल्या, तर दोन छटांच्या सीमेवर प्रत्यक्षात नसलेल्या उजळ-गडद कडा दिसू लागतात. एर्न्स्ट माख यांनी 1865 साली अशाच भासाचा अभ्यास केला होता. छटा वाढवल्या की या कडा विरतात.

उठाव दाखवायची सगळ्यात स्वस्त युक्ती मात्र चार रेघांची. उजेड वरून येतो, हे मेंदू न विचारता धरून चालतो. करड्या चौकोनाच्या वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला गडद रेघ, की बटण उठून दिसतं. विंडोज 95 ची बटणं अशीच होती. बटण दाबलं की रेघांचे रंग अदलाबदल होत, आणि तेच बटण आत गेलेलं दिसे. पेंटमध्ये असं बटण काढून 180 अंशांत फिरवलं, तरी तेच होतं.