भूकंपानंतरचे मन

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गावे निजली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील भूमी हादरली आणि नऊ हजारांहून अधिक माणसे गेली. हा मुलूख आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातला. किल्लारी, सास्तूर ही नावे आपल्या घरांतून परकी नव्हेत.

तिकडची घरे माळवदाची. जाड दगडी भिंती, वर मातीचा थर. उन्हाळ्यात मोठा गारवा. ज्या छपराने पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला, त्यानेच त्या पहाटे जीव घेतला. वाचलेल्यांच्या मनात धास्ती बसली ती छपराचीच. पुढे पक्की घरे मिळाली, तरी कित्येकजण बाहेर पत्र्याच्या आडोशालाच निजत. याला वेडेपणा कसे म्हणावे? मनाने एका क्षणात घेतलेला तो धडा होता. तो विसरायला वर्षे लागतात.

झोप उडणे, दचकणे, तोच प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे हे अशा आघातानंतर स्वाभाविकच. बहुतेकांचे हे आपल्या माणसांच्या संगतीत हळूहळू ओसरते. ज्यांचे ओसरत नाही त्यांनी डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही. दुःखिताला बळेच बोलते करू नये, आणि ‘झाले गेले विसरा’ असेही म्हणू नये. तो बोलेल तेव्हा ऐकावे.

पण या भागाने आणखीही एक गोष्ट शिकविली. घरदुरुस्तीच्या सरकारी योजनेत गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. भिंत कशी बांधावी, ती मजबूत कशी करावी, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना समजावू लागल्या. मदतीची वाट पाहणाऱ्या बायकांना आता गाव सल्ला विचारू लागले. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा त्यांच्यातल्याच काहीजणी तिकडे धावल्या. भाषा निराळी, पण ढिगाऱ्याची ओळख दोघींचीही सारखीच.

घाव भरला तरी वण राहतोच. आपण मात्र तेरावा झाला की दुःखिताच्या घरची वाट विसरतो. खरे तर जायचे ते त्यानंतर. आणि जाताना नुसता धीर देऊ नये. त्याच्याजोगे एखादे काम घेऊन जावे. आपली कोणाला तरी गरज आहे, हे कळले की माणूस पुन्हा उभा राहू लागतो.