बारावी आर्ट्स, विषय अर्थशास्त्र. पुढं नोकरी कुठं? पोरांनी आणि पालकांनीही वाचावं असं

बारावीचा निकाल लागला की सायन्सवाल्यांचं ठरलेलं असतं. आर्ट्सच्या पोराला मात्र पारावरचा कुणीतरी विचारतोच, "अर्थशास्त्र घेऊन काय करणार रे?" विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. बापाला हवं असतं, कारण तीन वर्षांची फी, खोलीभाडं आणि शेतातले दोन हात कमी, हे सगळं त्याच्याच हिशोबात येतं.

अर्थशास्त्र म्हणजे जमाखर्च लिहिणं नाही, ते कॉमर्सचं काम. कांद्याची आवक थोडी वाढली तरी भाव धाडकन का पडतो, असले प्रश्न इथं शिकवतात. भाव निम्मा झाला म्हणून कुणी भाजीत दुप्पट कांदा घालत नाही. मागणी फारशी वाढत नाही, म्हणून माल खपवायला भावच खाली येतो. पुस्तकात याला मागणीची लवचिकता म्हणतात.

हमीभावाचंही तसंच. बियाणं, खत, मजुरी, डिझेल असा पदरचा खर्च म्हणजे 'ए2'. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की 'ए2 अधिक एफएल'. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज मिळवलं की 'सी2'. केंद्र सरकार 2018-19 पासून दीडपट हमीभाव देतो म्हणतं, ते 'ए2 अधिक एफएल'वर. शेतकरी संघटना मागतात 'सी2'वर. दोघंही दीडपटच बोलतात, पण खर्च वेगवेगळा धरतात. हा हिशोब दिल्लीच्या कृषी मूल्य आयोगात बसलेले लोक करतात. तिथं शेतकऱ्याघरचं कुणी शिकून गेलं तर घरच्या बाईची मजुरी कशी धरायची हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

याला जुनी वाट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 मध्येच शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला, ते मुळात अर्थशास्त्राचे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटलांसोबत धनंजयराव गाडगीळ उभे राहिले, तेही अर्थतज्ज्ञच.

आता नोकरीचं, स्पष्ट सांगायचं तर नुसत्या बी.ए.वर अर्थतज्ज्ञ म्हणून कुणी घेत नाही. एमपीएससी, यूपीएससी, बँकांच्या परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी अर्थव्यवस्थेवर प्रश्न असतात, तेवढा फायदा. खरी दारं एम.ए. नंतर उघडतात. यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा 21 ते 30 वयात देता येते (राखीव गटांना वयात सवलत), पण जागा थोड्या असतात. रिझर्व्ह बँक आणि नाबार्डच्या अधिकारी भरतीतही या विषयाला मान आहे. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट लागते. मात्र कायम जागा कमी आहेत, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं अडकलेली पोरं प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्या एकाच आशेवर एम.ए. करू नये.

दोन ठिकाणी गावाकडची पोरं मार खातात. एक गणित. पुण्याची गोखले संस्था 1930 पासून आहे, अशा चांगल्या ठिकाणी एम.ए.ला गणित आणि संख्याशास्त्राशिवाय निभत नाही. बारावीला गणित सुटलं असेल तर बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून ते पुन्हा धरावं, सोबत एक्सेल शिकावं. दुसरं इंग्रजी. नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, आर्थिक सेवेची इंग्रजीतच लिहावी लागते.

विषय जमेल का हे बघायला क्लासची फी भरायची गरज नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढतं, मराठीत आणि फुकट. जिल्ह्यासाठी 'सामाजिक व आर्थिक समालोचन' असतं, त्यात तालुकावार आकडे मिळतात. ते मोबाईलवर उघडावं, आपला तालुका शोधावा आणि पेरणीचं, ओलिताचं क्षेत्र शेजारच्या तालुक्याशी ताडून बघावं. तासभर त्यात रमला तर फॉर्म भरायला हरकत नाही.