चूक चारचौघांत काढू नका

हाताखालच्या माणसाला घडवणे म्हणजे झाडाझडती घेणे नव्हे. नांदेड-लातूरच्या खेड्यांतील आशाताईंचेच काम पाहा. साधारण २० आशांमागे एक गटप्रवर्तक असते. दवाखान्यात बाळंतपण झाले की आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळ तपासते. शांत बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात. ते ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजून लगेच दवाखाना गाठावा. मोजणी अर्धवट राहिली तर बाळाच्या जिवावर बेतू शकते.

सोबत गेलेल्या गटप्रवर्तकेने ही चूक सासूबाईंसमोर काढली, तर घरच्यांचा आशावरचा विश्वास उडतो. पुढची चूक ती झाकते. म्हणून बाहेर आल्यावर आधी विचारावे, "काय अवघड गेले?" मग करून दाखवावे, तिच्याकडून करवून घ्यावे. बैठकीत तीच अडचण नाव न घेता सर्वांपुढे मांडावी.

बँक असो वा साखर कारखाना, साहेबांनी हीच रीत ठेवावी.