अंगणातील धोकादायक वृक्ष : पारख, परवानगी आणि तोड

सिकंदराबाद शहराची वाढ १८०६ सालापासून फौजेच्या छावणीभोवती होत गेली. तिसरे निजाम सिकंदरजाह यांचे नाव धारण करणाऱ्या या शहरातील जुन्या वस्त्यांत प्रशस्त आवारांची घरे व त्या आवारांत दोन-दोन पिढ्यांनी जोपासलेले वृक्ष आजही आढळतात. कडुनिंब हा येथील मूळचा. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर हे मागाहून आणून लावलेले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असल्याने अनेक मराठी कुटुंबांचे या शहराशी जुने नाते आहे आणि भूमी व हवामान यांच्या बाबतीतही पुष्कळ साम्य आहे. सबब तेथील अनुभव आपल्याकडील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी या सर्वांनाच उपयोगी पडण्यासारखा आहे.

सिकंदराबादच्या भूमीखाली ग्रॅनाइटचा कठीण खडक असून त्यावर अनेक ठिकाणी लाल माती व मुरूम यांचा थर पातळच आहे. त्यामुळे मुळांना खोल जाण्यास वाव मिळत नाही. ती आडवी पसरतात. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसापूर्वी सुटणारा सोसाट्याचा वारा अशा वृक्षांची खरी परीक्षा घेतो. अर्ध्या तासाच्या वादळानंतर मोटारींवर, कुंपणांवर व विजेच्या तारांवर झाडे पडलेली दिसावीत, हे आता दर उन्हाळ्याचे दृश्य झाले आहे.

अशा वेळी कोणते झाड काढावे व कोणते ठेवावे, याविषयी लोकांचा अंदाज बहुधा चुकतो. २०२१ साली तेलंगणात सर्वत्र कडुनिंबाचे शेंडे करपल्यासारखे तपकिरी पडले. तो बुरशीमुळे होणारा शेंडेमर रोग होता व त्याला किडीचीही जोड होती. झाड मेले, आता ते अंगावर येणार, अशा समजुतीने घाबरून जाण्याचे कारण नव्हते. वाळलेल्या डहाळ्या छाटल्यावर व पुढचा बहर येताच बहुसंख्य झाडांना पुन्हा कोवळी पालवी फुटली. याउलट पानाफुलांनी लदलेला गुलमोहर एखाद्या संध्याकाळी मुळासकट उलथून पडतो. झाडाचा आजार पानांत दिसतो, परंतु त्याचा धोका बुंध्यात आणि मुळांत असतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे बरे होण्याजोगे झाड तोडले जाते आणि खरोखर धोक्याचे झाड, हिरवे आहे म्हणून, तसेच राहते.

तेव्हा पारख खालून वर करावी. बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर कठीण, थराथरांची अळंबी उगवली असेल, तर आतले लाकूड कुजू लागले असे समजावे. लाकडी मोगरीने खोड ठोकून पाहावे. पोकळ आवाज येणारा भाग किती उंचीपर्यंत व किती घेरात आहे याची खडूने खूण करावी. खोडातून बारीक भुसा गळत असल्यास आत भुंगेरा आहे. झाड पूर्वीपासून कललेले असेल तर त्याने त्या भाराशी जुळवून घेतलेले असते. मात्र कल नवा असेल आणि त्याच्या विरुद्ध बाजूची जमीन भेगाळून वर उचललेली दिसेल, तर एक दिवसही थांबू नये. दोन जाड फांद्या अरुंद कोनात फुटल्या असून त्यांच्या बेचक्यात साल दबलेली असल्यास तेथे चीर पडण्याचा संभव असतो. शहरात आणखी एक कारण भर घालते, ते म्हणजे बुंध्यापर्यंत ओतलेले सिमेंट आणि नळ वा केबलसाठी खोदलेला चर. चराने एका बाजूची मुळे तुटतात व झाड मात्र वर्ष-दोन वर्षे काहीच घडले नाही असे उभे असते.

दोष आढळला म्हणजे झाड तोडलेच पाहिजे, असेही नाही. महबूबनगरजवळील पिल्ललमर्री या शेकडो वर्षांच्या वटवृक्षाला वाळवीने पोखरले, तेव्हा २०१८ साली त्याच्या खोडात सलाइनच्या नळ्यांवाटे पातळ केलेले कीटकनाशक थेंबाथेंबाने सोडण्यात आले आणि जड फांद्यांना आधाराचे खांब देण्यात आले. प्रत्येक अंगणात एवढा खटाटोप शक्य नाही हे खरे. परंतु एक जड फांदी उतरवून किंवा बुंध्याभोवतीचे सिमेंट फोडून काम भागत असेल, तर मालकाने आधी तोच मार्ग धरावा.

तोड अटळ ठरल्यास प्रथम परवानगी घ्यावी. झाड आपल्या आवारातील असले तरी ती लागते. तेलंगणात जल, भूमी व वृक्षविषयक २००२ चा कायदा लागू आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या सुधारणेनंतर पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचे विशेष संरक्षण मिळाले आहे. ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाखाली आंबा, चिंच, मोह, जांभूळ इत्यादी अनुसूचित झाडे विनापरवाना तोडता येत नाहीत. मृत, रोगट किंवा जीवितास धोका असलेल्या झाडाचा विचार कायद्यात केलेलाच आहे. अर्जासोबत बुंधा, पोकळी व लगतचे घर दाखवणारी छायाचित्रे जोडल्यास पाहणी लवकर उरकते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी धावाधाव करण्यापेक्षा हा अर्ज हिवाळ्यातच दिलेला बरा.

प्रत्यक्ष तोडीत सर्वांत मोठे भय विजेचे. घरातील मुख्य बटण बंद केल्याने बाहेरची तार निर्जीव होत नाही, आणि ओल्या फांदीतून विजेचा प्रवाह सहज वाहतो. तारेजवळील झाडास वीज कार्यालयाने पुरवठा बंद केल्याचे कळविल्याखेरीज कोणी हातही लावू नये. तारेवर पडलेल्या झाडाबाबत तर ही दक्षता विशेषच घ्यावी. त्यानंतर ढोलीत साप, मधमाश्यांचे पोळे अथवा पक्ष्यांची घरटी आहेत काय, हे पाहावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत माणसे, मुले व जनावरे दूर ठेवावीत. वारा, पाऊस किंवा सांजावलेला उजेड असल्यास काम पुढे ढकलावे.

घराला लागून असलेले झाड एकदम पाडता येत नाही. ते शेंड्यापासून तुकड्यातुकड्याने उतरवावे लागते. हे काम कसलेल्या माणसाचेच आहे. त्याच्या अंगाचा सुरक्षादोर शाबूत खोडाला बांधलेला असावा व फांदी उतरवण्याचा दोर निराळा असावा. जी फांदी कापायची तिलाच शिडी टेकवणे ही नेहमीची व जिवावर बेतणारी चूक होय. जाड फांदीला खोडापासून फूटभर अंतरावर प्रथम खालून एक-तृतीयांश काप द्यावा, मग थोडे पुढे वरून कापावे. म्हणजे फांदी साल सोलत खोडाला चिरत नाही.

मोकळ्या जागेत झाड पाडायचे झाल्यास ज्या दिशेला पाडावयाचे त्या बाजूने खोडाच्या जाडीच्या सुमारे एक-चतुर्थांश खोलीची खाच घ्यावी. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा इंचभर वर, करवत चालवावी; परंतु आरपार कापू नये. मध्ये जाडीच्या एक-दशांशाइतकी लाकडाची पट्टी शिल्लक राहिली पाहिजे. तीच बिजागरीप्रमाणे झाडाला ठरलेल्या दिशेने खाली नेते. झाड हलू लागताच कापणाऱ्याने मागे तिरकस दिशेने, आधीच साफ केलेल्या वाटेने दूर व्हावे. पोकळ किंवा फार कललेल्या खोडाला ही रीत लागू पडत नाही, कारण ते मध्येच उभे चिरून उसळते. तेथे घरच्या कुऱ्हाडीचा प्रयोग न करता अग्निशमन दल अथवा उद्यान विभागाचे साहाय्य मागावे.

कुजलेले खोड तसेच सोडल्यास बुरशी मुळांवाटे शेजारच्या झाडांत शिरते. म्हणून शक्य तेवढी मुळे खणून काढावीत आणि पावसापूर्वी खड्डा नव्या मातीने भरावा. दुसरे रोप त्याच खड्ड्यात न लावता, भिंतीपासून पंधरा-वीस फूट दूर लावावे व त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटविरहित आळे राखावे. तारांखालची जागा मात्र लिंबू, डाळिंब किंवा कढीलिंब यांसारख्या ठेंगण्या झाडांनाच द्यावी.